आमच्या गाडीची बॅटरी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आपल्या मंडळात आजवर ज्या ज्या बायका येथे उभ्या राहून बोलल्या त्या शिकलेल्या होत्या, आणि त्यांचे विषयही तसेच मोठे होते. दोन महिन्यांपूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "मी कशावर बोलू? कुरडयांवर?" तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "बॅटरीवर बोल म्हणावं तिला. गल्लीत दुसरं काय बोलत असते!" चिटणीसबाईंना ते पटले आणि माझी सुटका झाली नाही.

पण खरे सांगायचे तर विषय काही अगदीच अप्रस्तुत नाही. आपल्या गल्लीत आता निम्म्या घरांपुढे गाडी उभी असते. बारशाला, लग्नाला, साताऱ्याच्या दवाखान्याला ती लागते. आणि ज्या दिवशी लागते त्याच दिवशी ती किल्ली फिरवल्यावर नुसती "टक्" असा आवाज करते. मग घरात जो आरडाओरडा होतो तो मी पुष्कळ घरांतून ऐकला आहे. आमच्या घरातला तर तुम्ही सर्वांनीच ऐकला असेल.

आमची गाडी २०१२ सालची, पेट्रोलची, छोटी. यजमानांनी २०१९ साली जुनी घेतली. त्यांचे दुकान सकाळी लवकर उघडते, म्हणून २०२१ साली मीच गाडी शिकले. तेव्हा पुष्कळजणी हसल्या होत्या. जानेवारी २०२३ पासून सासूबाईंचे डायलिसिस सुरू झाले. दर सोमवारी आणि गुरुवारी वाईहून साताऱ्याला, पाचवडवरून, पस्तीसेक किलोमीटर जायचे आणि परत यायचे. सकाळी सहाला निघायचे, दुपारी चारच्या सुमारास घरी. बाकीचे पाच दिवस गाडी दारात झाकून उभी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याच हिशेबाने चोर सापडला.

गाडीबरोबर आलेली बॅटरी नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. तिचे वय झाले होते, तिच्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षे चालली तरी पुष्कळ. लोक म्हणतात थंडीत बॅटरी मरते. पण तिला आतून जे पोखरते ते उन्हाळ्यात. थंडीत फक्त ते उघडकीस येते, कारण गार इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. तर आम्ही नवी बॅटरी आणली. यजमान घाईत होते. दुकानदाराने जी दिली ती त्यांनी आणली. त्यात दोन चुका झाल्या, त्या पुढे सांगते.

फेब्रुवारी अखेरपासून बॅटरी उतरू लागली. मार्चमध्ये दुकानदाराने ती एक रात्र चार्जिंगला लावून परत दिली. "ताई, साहेबांना पाठवत जा, म्हणजे नीट सांगता येतं," असेही वर म्हणाला. मे महिन्यात पुन्हा बसली, तेव्हा कुरकुर करीत त्याने वॉरंटीत दुसरी दिली. जूनमध्ये तीही उतरली. गॅरेजमध्ये दाखवली, तर इंजिन चालू करून त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, "चौदा दाखवतोय, अल्टरनेटर एकदम ठीक. बॅटरीच खराब." बॅटरीवाला म्हणे गाडी खराब, गाडीवाला म्हणे बॅटरी खराब. भिंतीवरचा घाव कोणी घातला हे विचारले की मुले एकमेकांकडे बोट दाखवतात, तशातली गत.

आणि मग १२ जून २०२३ चा सोमवार आला. सहा वाजता किल्ली फिरवली, टक्. यजमानांनी ढकलले, शेजारच्या दोघांनी ढकलले, गाडी हूं की चूं करीना. शेवटी आपल्यातल्याच एका भगिनीच्या घरची गाडी मिळाली. नाव घेत नाही, कारण घेतलेले त्यांना आवडणार नाही. पण पोहोचेपर्यंत अकरा वाजले. सकाळच्या पाळीची मशीन दुसऱ्याला दिली गेली होती. दवाखान्याचे त्यात काही चुकले नाही. आम्हाला संध्याकाळची पाळी मिळाली. तोवर सासूबाई बाकावर बसून होत्या. पाय सुजलेले, आडवे झाले की धाप लागे, म्हणून बसूनच. सहा तासांत त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्री घरी आल्यावर मी सगळा राग मुलावर काढला. तो शिरवळला कंपनीत लागला आहे. पहिला पगार झाला तेव्हा, फेब्रुवारीत, त्याने हौसेने गाडीत गाण्यांचा नवा सेट बसवून घेतला होता, आजीला जाता-येता अभंग ऐकता यावेत म्हणून. मी त्याला म्हटले, "रात्री गाडीत गाणी ऐकत बसतोस, दिवा तसाच ठेवतोस, आणि आजीचा जीव जातो." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडीला हात लावणे सोडले. मित्राकडे जायचे तर एसटीने जाई.

आता खरी गोष्ट सांगते.

आमच्या नणंदेचा मुलगा आयटीआयला वायरमनचे शिकतो. तो त्या आठवड्यात राहायला आला होता. त्याने मला विचारले, "मामी, बंद पडते ती कोणत्या वारी?" मी कालनिर्णय काढले. दुधाच्या हिशेबाशेजारी जिथे जिथे गाडीला धक्का मारावा लागला तिथे मी "धक्का" असे लिहून ठेवले होते, कारण ढकलायला येणाऱ्या मुलांना चहा पाजावा लागे आणि त्या दिवशी दूध जास्त लागे. नऊ वेळा "धक्का" होता. त्यातले सात सोमवार आणि दोन गुरुवार. भाचा म्हणाला, "मग बॅटरी खराब नाही. कोणीतरी ती पितंय. गुरुवार ते सोमवार जास्त दिवस मिळतात त्याला."

मग त्याने मला समजावून सांगितले, आणि मी ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगते. आपल्याकडे नळाला ठरावीक वेळी पाणी येते. आपण हंडा भरून ठेवतो आणि दिवसभर वापरतो. बॅटरी म्हणजे हंडा, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे नळ. संध्याकाळी हंडा रिकामा दिसला तर तीनच गोष्टी असू शकतात. हंडाच फुटका असेल; किंवा भरलेल्या हंड्याचे पाणी कोठूनतरी नकळत गळत असेल; किंवा नळाचे पाणीच पुरेशा जोराने हंड्यापर्यंत येत नसेल. आपण काय करतो, तर दरवेळी नवा हंडा आणतो! नवीन बॅटरीही जुनीसारखीच बसली, तर दोष बॅटरीत नाही एवढे तरी कळायला हवे होते. पण ते आम्हाला पाच हजार रुपये आणि चार महिने गेल्यावर कळले.

मीटर घेतला. साधा, आकडे दाखवणारा, साडेतीनशे रुपयांचा. तो कसा लावायचा हे शिकायला मला पंधरा मिनिटे लागली. कुकरची शिटी मोजण्यापेक्षा फार अवघड नाही. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. सकाळी किल्ली न लावता लाल तार बॅटरीच्या अधिक खुंटीला, काळी उणे खुंटीला. १२.६ च्या आसपास दाखवले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पहा, बारा म्हटले की आपल्याला वाटते "बाराची बॅटरी आहे, बारा दाखवते, झकास!" तसे नाही. बारा म्हणजे तळ दिसू लागला. आतमध्ये सहा घरे असतात आणि भरलेले असताना प्रत्येक घर दोनपेक्षा थोडे जास्त देते, म्हणून सहांचे मिळून साडेबारा पलीकडे जाते.

आमची सोमवारी सकाळी ११.७ दाखवीत होती.

मग गळती शोधायची. बॅटरीची उणे तार सोडवायची आणि ती तार व खुंटी यांच्या मध्ये मीटर जोडायचा, तोही अँपिअर मोजण्याच्या मोठ्या भोकात तार घालून. म्हणजे जे काही वाहते ते मीटरमधून जाते. असे जोडलेले असताना किल्ली मुळीच फिरवायची नाही, मीटर जळतो. दरवाजे लावून अर्धा तास थांबायचे, कारण गाडीतले लहान-मोठे यंत्रमेंदू झोपी जायला वेळ घेतात. मग आकडा पाहायचा. घड्याळ, कुलूप वगैरेंसाठी थोडे जातेच. पाच शतांश अँपिअरपर्यंत ठीक समजतात. आमचा आकडा होता ०.३४.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशाने काय होते? मीही म्हटले. भाच्याने मला गुणाकार करायला लावला. गुरुवारी दुपारी चारपासून सोमवारी सकाळी सहापर्यंत ८६ तास. ८६ ला ०.३४ ने गुणले की २९ येतात. आणि आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे पस्तीस लोटे पाण्यातले एकोणतीस लोटे गाडी उभी असताना संपत होते! सोमवार ते गुरुवार ६२ तास, त्याचे २१ होतात; म्हणून गुरुवारी पुष्कळदा गाडी निघे. कालनिर्णयाने सांगितले तेच गुणाकाराने सांगितले. मला त्या दिवशी फार आनंद झाला. सातवीनंतर पहिल्यांदाच दशांशाचा गुणाकार उपयोगी पडला.

मग एकेक फ्यूज काढून पाहिला. जो काढल्यावर आकडा खाली येईल तिकडची वाट चोराची. सगळे काढून झाले तरी ०.३४ जागचे हलेना. याचा अर्थ चोर फ्यूजच्या पेटीतून जातच नव्हता. भाच्याने बॅटरीची अधिक खुंटी नीट पाहिली. तिथे एक बारीक लाल तार गुंडाळलेली होती. ती काढली आणि आकडा ०.०२ झाला.

ती तार गाण्यांच्या सेटची होती.

बसवणाऱ्याने दोन तारा, एक नेहमी चालू राहणारी आणि एक किल्लीबरोबर चालू व्हायची, दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीला बांधल्या होत्या. वर फ्यूजही घातला नव्हता; एखादे दिवशी तार घासून आग लागली असती. पडदा काळा दिसे, पण आत सेट जागाच असे. मुलाने गाणी ऐकली काय अन् न ऐकली काय, काही फरक नव्हता. त्याने एकदाही दिवा चालू ठेवला नव्हता.

मी मुलाला लगेच सांगितले नाही. दोन दिवस सांगितले नाही. एक तर माझी चूक, आणि दुसरे, त्याने हौसेने आणलेल्या वस्तूमुळेच आजीची पाळी चुकली हे त्याला कसे सांगायचे? शेवटी सासूबाईंनीच सांगितले. त्या म्हणाल्या, "अरे, तुझा सेट चांगलाय, तो बसवणारा आळशी होता." वायरमनकडून दोन्ही तारा वेगळ्या करून, किल्लीच्या तारेवर आणि फ्यूज घालून, तो सेट पुन्हा जोडून घेतला. अजून तोच आहे.

येथे गोष्ट संपली असती तर भाषणही संपले असते. पण ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि गाडी पुन्हा कुरकुरू लागली. या वेळी टक् नव्हे; सेल्फ मारला की घर्र... घर्र... असा जड फिरे, जणू दळण टाकलेले जाते. रात्री दिवे पिवळे दिसत. मीटर लावून गळती पाहिली, ती ०.०२ च. म्हणजे हा दुसरा रोग, आणि तो नळाच्या बाजूचा.

गॅरेजमध्ये चौदा दाखवतो हे खरे होते. पण ते दिवे, पंखा सगळे बंद असताना. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ असावे. काही नव्या गाड्यांत यंत्रमेंदू ते मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यांचे निराळे. १५ च्या वर गेले तर बॅटरी उकळते, पाणी आटते, तेही वाईट. आम्ही मोठे दिवे लावले, पंखा जोरात केला, वायपर चालू केले आणि पाहिले तर बॅटरीवर १३.२. मग भाच्याने मीटर अल्टरनेटरच्या मागच्या खुंटीला आणि त्याच्याच अंगाला लावला: १४.२. म्हणजे नळाला पाणी भरपूर, पण हंड्यापर्यंत येताना मध्ये कोठेतरी अडत होते. एक पूर्ण व्होल्ट हरवला होता. अधिक बाजूच्या तारेवर मोजले तर ०.२, हे चालते. उणे खुंटी आणि इंजिनाचे लोखंड यांच्यामध्ये मोजले तर ०.८! बेरीज बरोबर एक. (असे मोजताना इंजिन चालू असते. पदर घट्ट खोचा, वेणी मागे बांधा. पट्टा आणि पंखा माणूस ओळखत नाहीत.)

उणे तारेचे जे टोक इंजिनाला बोल्टने आवळलेले असते ते बाहेर काढले. वरून काळे वेष्टण चांगले, आत तांब्याचे निम्मे धागे तुटलेले, उरलेल्यांवर हिरवे कीट. ते तुटले का, तर ताणाने. ताण का, तर आमची बॅटरी उलट्या बाजूची होती! नोव्हेंबर २०२२ मध्ये दुकानदाराने जी दिली तिच्या खुंट्या अदलाबदल बाजूला होत्या, आणि त्याने तार ओढून-ताणून पोहोचवली होती. मे महिन्यात बदलून दिली तीही तसलीच. गाडीच्या हादऱ्याने तो ताणलेला धागा नऊ महिन्यांत तुटत आला आणि पावसाने कीट चढवले. नवी तार दोन-अडीचशे रुपयांत आली. ती बसवल्यावर सगळे दिवे लावूनही बॅटरीवर १३.९ दाखवू लागले.

तेव्हा भगिनींनो, बॅटरी घ्यायला तुम्ही स्वतः जा. मी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. कारण इतक्या वेळा तळापर्यंत उतरलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरे कडक किटण धरते. आमच्या बॅटरीला वर झाकणे होती, म्हणून वायरमनने काचेच्या नळीने प्रत्येक घराची ग्रॅव्हिटी पाहिली. भरल्यावर साऱ्या घरांची साडेबाराशेच्या वर यायला हवी. पाच घरांची १२४० आली आणि एकाची ११०० सुद्धा नाही. एक सेल बसला की सहाही गेले म्हणायचे. दुकानदार या वेळी म्हणाला की दोष तुमच्या गाडीचा, वॉरंटी नाही. वाईट वाटले, पण पाहिले तर निम्मा तो खरेच बोलत होता. मी भांडले नाही, दुसऱ्या दुकानात गेले.

जाताना जुन्या बॅटरीवरचा नव्हे, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला क्रमांक लिहून नेला. आमच्यासारख्या लहान गाड्यांना पुष्कळदा ३८ बी २० असा क्रमांक असतो आणि शेवटी एल किंवा आर. त्यातले २० म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर लांबी. बी म्हणजे रुंदी-उंचीचे माप. शेवटचे अक्षर म्हणजे खुंट्या कोणत्या बाजूला. त्या एका अक्षराने आमचे काय केले ते तुम्ही ऐकलेच. दुकानदार म्हणेल, "बसते हो, काही होत नाही." चोळीचे माप चुकले तरी शिंपी असेच म्हणतो. तार जराही न ताणता पोहोचली पाहिजे, आणि खालच्या तबकात बॅटरी पट्टीने घट्ट आवळलेली पाहिजे. हलणारी बॅटरी हादऱ्याने आतून झडते.

अँपिअर-तास पुस्तकात असेल तितके घ्यावे. स्वस्तात मिळते म्हणून कमी घेऊ नये. डिझेलच्या गाडीला इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, तिला मोठीच बॅटरी लागते. आणि ज्या नव्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होतात त्यांना साधी बॅटरी चालत नाही. त्यांची ईएफबी किंवा एजीएम जातीची असते, तीच पुन्हा घालावी. कोपऱ्यावरच्या काकूंनी यात फसगत करून घेतली आहे, त्या इथेच बसल्या आहेत.

आता तारीख. आपण ब्रेडची तारीख पाहतो, औषधाची पाहतो. बॅटरीची पाहत नाही. बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली तशीच ठेवली की तेच पांढरे किटण. आमची पहिली दहा महिने फळीवर पडलेली होती, हे नंतर तिच्यावरचा ठसा वाचून कळले. ठसा आकडे-अक्षरांत असतो, प्रत्येक कंपनीचा निराळा. दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनी नको म्हणा. पैसे देण्याआधी माझ्यासारखा पिशवीतून मीटर काढा. मी काढला तेव्हा दुकानातला पोऱ्या हसला, मालक हसला नाही. पहिली १२.३ दाखवत होती, ती मी परत ठेवली. दुसरी १२.६.

वॉरंटीचे कार्ड मागच्या बाजूने वाचावे. "छत्तीस महिने" असे मोठ्या अक्षरांत असते, पण पुष्कळदा त्यातले पहिले निम्मे महिने फुकट बदली आणि पुढचे निम्मे म्हणजे नुसती किमतीत सूट. कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि कार्डावरचा क्रमांक बॅटरीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच पाहा.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. तो तिचे पैसे नव्या किमतीतून वजा करतो. दोनशे रुपये जास्त देतो म्हणून दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. आत शिसे असते. उघड्यावर ती फोडली की ते मातीत, विहिरीत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधते. सरकारने यासाठी २००१ साली नियम केले होते, त्यांच्या जागी २०२२ साली नवे आले. बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता नीट जागी पोहोचवणे हे आता आपल्याही अंगावर आहे.

घरच्या घरी काय करता येते, तेही सांगते. खुंट्यांवर पांढरे-हिरवे फूल धरते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशाने ते धुवावे. मात्र सोड्याचे पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, तारा आवळून वरून व्हॅसलिन लावावे. तार सोडताना आधी उणे, जोडताना शेवटी उणे. उलट केले आणि पाना गाडीच्या अंगाला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. म्हणून जवळ उदबत्तीसुद्धा नको. दसऱ्याला गाडीची पूजा करताना आठवण ठेवा. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवावी, मंगळसूत्र आत घालावे. आतले पाणी म्हणजे तेजाब. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेले तर धूत राहून डॉक्टरकडे जावे. माझ्या एका सुती साडीवर दोन थेंब उडाले होते, तेव्हा काही दिसले नाही. धुतल्यावर पदराला चाळणी झाली.

झाकणाच्या बॅटरीत पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही पट्ट्या बुडतील आणि खुणेच्या वर जाणार नाही इतकेच. नळाचे नाही, फिल्टरचे नाही. बंद बॅटरीवर हिरवा डोळा असतो, त्यावर फार विसंबू नये. तो सहा घरांपैकी एकाच घराचे सांगतो.

दुसऱ्याच्या गाडीने सुरू करायची वेळ आली तर लाल तार अधिक ते अधिक. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे खुंटीला, आणि तिचे दुसरे टोक मेलेल्या बॅटरीला नव्हे तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. आणि कोणी जुने मिस्त्री अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची तार उपटून दाखवतात, ते करू देऊ नका. जुन्या अँबेसिडरला चालले असेल. आताच्या गाडीचा मेंदू जळतो.

अँबेसिडरवरून आठवले. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी ती गाडी होती आणि पुढे लोखंडी हँडल घालून फिरवून सुरू करीत. हँडल उलटे बसले तर मनगट मोडे, म्हणून बायकांना जवळ येऊ देत नसत. बॅटरीवर चालणारा सेल्फ १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला पहिल्यांदा बसला, चार्ल्स केटरिंग नावाच्या गृहस्थांनी तो तयार केला, असे भाच्याने सांगितले. मनगटाच्या जोराची गरज उरली नाही म्हणून पुष्कळ बायका तिकडे गाडी चालवू लागल्या. सासूबाईंना हे सांगितले तर म्हणाल्या, "मग मला कशी नाही शिकवली?" त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ऑक्टोबर २०२३ ची बॅटरी अजून चालू आहे. आता रविवारी संध्याकाळी मी मीटर लावते आणि आकडा कालनिर्णयावर लिहिते. परवाच्या रविवारी १२.५ होता. मुलगा पुन्हा गाडी नेतो, परत आणल्यावर मला हाक मारून सांगतो, "आई, दिवा बंद केलाय बघ." त्यात चिडवणे किती आणि राग किती, ते मला अजून कळलेले नाही.

मीटर मी आजपासून मंडळाच्या कपाटात ठेवत आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा, आणि परत आणताना तारा गुंडाळून, बटण बंद करून आणावा. आतला सेल तीस रुपयांचा आहे. तो उतरला तर ज्यांच्याकडे उतरला त्यांनी भरावा.